नाशिकमध्ये लग्नाचा व्हिडिओवाला ठरवताना रीलवर जाऊ नका, अख्खं लग्न बघायला मागा

लॉन बुक होतं, आचारी ठरतो, पत्रिकेचा नमुना काका तीनदा बदलतात आणि मग एक दिवस कुणालातरी आठवतं, अरे शूटिंगचं काय? मग फॅमिली ग्रुपवर दोन-चार इन्स्टाचे पेज पडतात, ज्याचं रील भारी वाटलं त्याला फोन जातो, दादा पॅकेज सांगा, आणि दोन दिवसांत ॲडव्हान्स पण जातो. असं ठरवलेलं काम चांगलं निघतही असेल, पण ते नशीब झालं. आमच्या नात्यात शूटिंगवाल्याशी बोलायची ड्युटी बहुतेक वेळा माझ्याकडेच येते, त्यामुळे कुठल्या क्रमाने काय विचारायचं ते इथे लिहून ठेवतोय, ज्यांच्याकडे यंदा कार्य आहे त्यांना उपयोगी पडेल.

आधी तारखेचं बघा

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे लग्नसराई सुरू, आणि दाट तिथीला गंगापूर रोड, औरंगाबाद रोड, पाथर्डी फाटा, सगळीकडचे लॉन एकाच दिवशी फुल असतात. चांगल्या टीम शहरात मोजक्याच आहेत, त्यामुळे तारीख पक्की झाली की लॉनच्या पाठोपाठ शूटिंगवालाच बघायचा, मेहंदी आणि बँड नंतर मिळतात.

यावेळी नाशिकला एक जास्तीची गोष्ट आहे ती म्हणजे सिंहस्थ कुंभमेळा. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आहे आणि २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. सिंहस्थात लग्न नको असं मानणारी घरं आपल्याकडे अजून बरीच आहेत, काही पंचांगवाले चालतं म्हणतात काही नाही म्हणतात, तो वाद तुमच्या गुरुजींवर सोडा, पण त्यामुळे काही तारखांना गर्दी होणार हे धरून चाला. आणि रामकुंडावर, गोदाघाटावर प्री-वेडिंग करायचं डोक्यात असेल तर घाटावरची कामं आणि बंदोबस्त बघून मगच दिवस ठरवा.

घरात बसून ठरवा की तुम्हाला नक्की काय पाहिजे

ही पायरी सगळे गाळतात. पॅकेजमध्ये शब्दांची लाइन असते, ट्रॅडिशनल फोटो, ट्रॅडिशनल व्हिडिओ, कॅन्डिड (पोज न देता टिपलेले फोटो), सिनेमॅटिक, ड्रोन, क्रेन, एलईडी वॉल, टीजर, हायलाइट, आणि आपण मान हलवतो. थोडक्यात सांगायचं तर ट्रॅडिशनल व्हिडिओ म्हणजे सीमांत पूजनापासून पाठवणीपर्यंत सगळं सलग, कोण आलं कोणी आहेर केला सगळं दिसतं. सिनेमॅटिक म्हणजे निवडक क्षण, स्लो मोशन, गाणं, पाच ते वीस मिनिटांचं काम. टीजर म्हणजे मिनिटभराचा तुकडा स्टेटसला टाकायला.

आजकाल पोरं म्हणतात ट्रॅडिशनल नको, कोण बघतं तीन तास. माझं मत वेगळं आहे. सिनेमॅटिक तुम्ही पहिले दोन महिने बघाल, पण दहा वर्षांनी घरातले जे उघडून बसतात ना ते ट्रॅडिशनलच, कारण त्यात धुळ्याची आत्या आहे, पंगतीत वाढणारे मामा आहेत, कानपिळीला नवरदेवाचा कान धरून पैशासाठी अडून बसलेला मेव्हणा आहे, आणि त्यातली काही माणसं तोवर राहिलेली नसतात. बजेट कमी असेल तर ड्रोन काढा, क्रेन काढा, प्री-वेडिंग काढा, पण एक चांगला ट्रॅडिशनल कॅमेरा आणि एक सिनेमॅटिकवाला एवढं ठेवा. क्रेनचं तर मला कधी कळलंच नाही, हजार माणसांच्या डोक्यावरून तो दांडा फिरतो आणि एलईडी वॉलवर मागच्या लोकांना दिसावं एवढाच उपयोग. लॉन फारच लांब असेल आणि पाव्हणे जास्त असतील तर ठीक आहे.

आणि हो, दोन्ही घरांचं एकच शूटिंग का वेगवेगळं हे आधीच बोलून घ्या. मुलीकडचे एक टीम लावतात, मुलाकडचे दुसरी, आणि स्टेजवर सात कॅमेरे होतात, पाव्हण्यांना नवरा-नवरीऐवजी शूटिंगवाल्यांच्या पाठीच दिसतात. खर्च अर्धा-अर्धा वाटून एक चांगली टीम घेतली तर दोघांचं भलं होतं, फक्त हळद दोन्ही घरी एकाच वेळी असेल तर तिथे एक माणूस जास्तीचा लागेल.

आता मुख्य गोष्ट, पूर्ण लग्न बघायला मागा

रीलमध्ये वर्षभरातले सगळ्यात भारी ३० सेकंद असतात. कधीकधी तर ते लग्नच नसतं, मॉडेल आणून केलेलं शूट असतं. त्यावरून एवढंच कळतं की याला सुंदर फ्रेम लावता येते. तुमच्या लग्नात मात्र दुपारी साडेबाराचा मुहूर्त आहे, मे महिना आहे, मुहूर्ताच्या आधी पुढाऱ्यांच्या आशीर्वादपर भाषणांनी अर्धा तास खाल्लाय, आणि मग एकदम घाईत अंतरपाट धरला जातो. त्या गोंधळात हा माणूस काय करतो ते बघायचंय.

म्हणून त्याच्या ऑफिसला जा आणि सरळ सांगा, दादा, गेल्या सीझनचं एखाद्या लॉनमधलं दुपारचं लग्न दाखवा, पूर्ण फाइल, एडिट झालेली. दाखवतो म्हणाला तर अर्धं काम झालं. क्लायंटची प्रायव्हसी आहे म्हणाला तर तेही बरोबर आहे, पण मग त्या पार्टीला विचारून दाखवा म्हणायचं, इतक्या लग्नांत एकही घर हो म्हणत नसेल तर समजून घ्यायचं.

फाइल समोर आली की सगळी बघत बसू नका, मंगलाष्टकं काढायला लावा. तिथेच सगळं कळतं. अंतरपाट खाली झाला त्या सेकंदाला कॅमेरा कुठे होता? दोघांचे चेहरे दिसतात का नुसत्या अक्षता आणि हात? मामा दिसतात का? आईचा चेहरा घेतलाय का? तो क्षण परत होत नाही, भटजींना वन्स मोअर म्हणता येत नाही.

मग चेहऱ्यांचा रंग बघा. लॉनच्या मांडवाला गुलाबी नाहीतर पिवळं कापड असतं, भर दुपारी त्यातून ऊन गाळून येतं आणि अख्खं वऱ्हाड कावीळ झाल्यासारखं दिसतं. ज्याला काम येतं तो कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंगाचं सेटिंग, लावतो आणि नंतर एडिटिंगला पण दुरुस्त करतो, ज्याला येत नाही तो ऑटोवर सोडतो आणि तुमचं नऊवारीचं हिरवं भलतंच काहीतरी येतं. संध्याकाळच्या गोरज मुहूर्ताला उलटा त्रास, डेकोरेशनवाल्याने स्टेजला जांभळे एलईडी लाइट मारलेले असतात, नवरी निळी-जांभळी दिसते आणि हे नंतर नीट निघत नाही. तुमचं लग्न संध्याकाळचं असेल तर संध्याकाळचीच फाइल मागा, दुपारची बघून उपयोग नाही. स्टेजमागे एलईडी वॉल असेल तर त्यावर आडव्या पट्ट्या पळताना दिसतात का तेही बघा, कॅमेऱ्याचं शटर आणि वॉलचा रिफ्रेश जुळला नाही की त्या येतात.

आवाज ऐकताना हेडफोन लावा

माझ्या मते निम्मे व्हिडिओ आवाजात मार खातात आणि ठरवताना याच्याबद्दल कोणी विचारतच नाही. कॅमेऱ्यावरच्या माइकमध्ये काय येतं तर जनरेटर, बँड, शेजारच्या खुर्चीतल्या काकूंचं बोलणं, आणि भटजी कुठेतरी लांब. नात्यातल्या एका लग्नात आजोबांनी स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हटलं होतं, थरथरत्या आवाजात, कागद हातात धरून, सगळा मांडव गप्प झाला होता. व्हिडिओ आला तर तिथे हिंदी सिनेमाचं गाणं लावलेलं. एडिटरला विचारलं तर म्हणे आवाज क्लिअर नव्हता ना, म्हणून साँग टाकलं. ओरिजिनल क्लिपमध्ये सगळा गोंगाटच होता, काढायला काही राहिलंच नव्हतं.

त्यामुळे विचारायचं की आवाज कुठून घेता. चांगला माणूस सांगेल की साउंडवाल्याच्या मिक्सरमधून लाइन काढून रेकॉर्डरला देतो, किंवा गुरुजींच्या उपरण्याला छोटा वायरलेस माइक लावतो, आणि शिवाय कॅमेऱ्याचा आवाज असतोच. दोन ठिकाणी आवाज रेकॉर्ड झाला तर एक बिघडला तरी दुसरा असतो. ट्रॅडिशनल फिल्ममध्ये मंगलाष्टकं, सप्तपदी आणि पाठवणी ओरिजिनल आवाजातच पाहिजे, गाणं नको, हे बोलून घ्या आणि लिहून पण घ्या.

त्या दिवशी कॅमेरा कोण धरणार?

पेज ज्याच्या नावाचं आहे तो येईलच असं नाही. एकाच तारखेला तीन ऑर्डर घेतल्या की मालक एका ठिकाणी, बाकी दोन ठिकाणी रोजावर आणलेली मुलं. त्यात वाईट काही नाही, त्यातली बरीच मुलं हुशार असतात, पण तुम्ही ज्याचं काम बघून पैसे दिले तो माणूस वेगळा आणि आलेला वेगळा असं व्हायला नको. नाव विचारा, नंबर घ्या, त्याच माणसाचं काम दाखवा म्हणा. आणि आजारी पडला तर कोण, हेही.

कॅमेऱ्याचं मॉडेल विचारून फार फायदा नाही, सोनी असो का कॅनन असो. त्यापेक्षा विचारा की कॅमेऱ्यात दोन कार्ड एकाच वेळी चालतात का. दोन्ही कार्डांवर एकदम रेकॉर्डिंग झालं तर एक कार्ड उडालं तरी लग्न वाचतं. मग त्याच रात्री डेटा किती हार्डडिस्कवर उतरवता ते विचारा, उत्तर किमान दोन आलं पाहिजे. फोरकेमध्ये १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट) शूट केलं तर तासाला साधारण ४५ जीबी होतात, तीन कॅमेरे सात-आठ तास चालले की १ टीबीच्या आसपास गेलं, त्यामुळे जो म्हणतो सगळं पेनड्राइव्हमध्ये देतो तो एकतर फाइल फार दाबून देणार आहे नाहीतर त्याला प्रश्नच कळला नाहीये.

ड्रोनची हौस

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे ड्रोनची नोंदणी लागते, त्याला यूआयएन म्हणजे स्वतःचा ओळख नंबर असतो, आणि डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलच्या नकाशावर ग्रीन झोन (हिरवा भाग) असेल तरच परवानगी न काढता उडवता येतं, तेही ४०० फुटांपर्यंत. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, त्याच्यावरचा असेल आणि धंद्यासाठी उडवत असेल तर लागतं. आपल्या नाशिकमध्ये देवळालीला तोफखान्याचं केंद्र, गांधीनगरला आर्मी एव्हिएशन, नाशिकरोडला नोट प्रेस, ओझरला एचएएलचा विमान कारखाना आणि विमानतळ, म्हणजे मोकळं आकाश आपल्याला वाटतं तेवढं मोकळं नाही. तुमचं लॉन नकाशावर कुठल्या रंगात येतं ते आधी बघायला सांगा, आणि पोलिसांचे वेगळे आदेश निघालेले असतात ते पण. काही होत नाही दादा सगळे उडवतात, असं म्हणणाऱ्याला ड्रोन घरीच ठेवायला सांगा. उडवलं तरी मंगलाष्टकांच्या वेळी नको, त्या भुणभुणीत गुरुजी पण चुकतात.

प्री-वेडिंगचं एका ओळीत सांगतो, पांडवलेणीला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, जंगलाच्या हद्दीत वनखात्याची, वाइनयार्डवाले स्वतःचे चार्ज घेतात, तर ही परवानगी कोण काढणार आणि पैसे कोणाचे हे आधी ठरवा.

पैसे आणि कागद

कोटेशन व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून येतं त्यावर भागवू नका. साधं एक पान असलं तरी चालेल पण सही पाहिजे. त्यात तारखा आणि वेळा, किती माणसं किती कॅमेरे, हळद धरली आहे का नाही, ठरल्या वेळेपेक्षा जास्त थांबलं तर तासाला किती, जायचा-यायचा खर्च, नाशिकबाहेर लग्न असेल तर मुक्काम कोणाचा, टीजर किती दिवसांत, पूर्ण फिल्म किती दिवसांत, दुरुस्त्या किती वेळा फुकट, हे सगळं. जीएसटी धरून रक्कम आहे का वर लागणार तेही विचारा, १८ टक्के वर आले की हिशोब बदलतो.

हप्ते तीन करा, थोडे बुकिंगला, मोठा भाग लग्नाच्या दिवशी, आणि २० ते ३० टक्के फिल्म हातात आल्यावर. लग्नाच्याच दिवशी पूर्ण पैसे मागत असेल तर नाही म्हणा, कारण पैसे पूर्ण गेले की तुमची फाइल रांगेत मागे जाते आणि मग होळी गेली, अक्षय तृतीया गेली, दादा एडिटर गावाला गेलाय हेच ऐकायला मिळतं. त्यांची पण बाजू आहे बरं का, फिल्म घेऊन उरलेले पैसे बुडवणारी घरं पण कमी नाहीत, म्हणून आधी फिल्म त्यांच्या ऑफिसात बघायची, पैसे द्यायचे आणि फाइल घ्यायची, असं ठरलं की दोघांना टेन्शन नाही.

अजून एक, जे बहुतेकांना माहीत नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन फिल्म करवून घेतली आणि वेगळा करार केला नसेल तर पहिला मालक तुम्ही. पण स्टुडिओच्या छापील फॉर्मवर खाली बारीक अक्षरात हक्क आमचे असं लिहिलेलं असू शकतं, तर सही करायच्या आधी ते वाचा. आणि आमच्या घरातल्या बायका-पोरींचे व्हिडिओ न विचारता तुमच्या पेजवर टाकायचे नाहीत ही ओळ टाकून घ्या, हळदीतल्या नाचाचं रील कॉलनीभर फिरल्यावर भांडून उपयोग नसतो. रॉ डेटा, म्हणजे एडिट न केलेलं सगळं शूटिंग, मिळणार का, फुकट का पैसे घेऊन, आणि त्यांच्याकडे किती महिने ठेवतात, हेही त्याच पानावर.

यूट्यूबला लाइव्ह करणार असाल तर डीजेची गाणी वाजत असताना कॉपीराइटमुळे आवाज म्यूट होऊ शकतो किंवा लाइव्ह बंद पडू शकतं, तेव्हा लाइव्ह विधींपुरतंच ठेवा. लिंक अनलिस्टेड (सर्चमध्ये न दिसणारी) करून फक्त नातेवाइकांना पाठवायची. आणि लॉनमध्ये मोबाइलचं नेट कसं चालतं ते त्या माणसाने आधी जाऊन बघायला पाहिजे, पाचशे लोक आले की नेट झोपतं.

लग्नाच्या आठवड्यात

एकदा लॉनवर भेटा, शूटिंगवाला, डेकोरेशनवाला आणि साउंडवाला एकत्र. जांभळे लाइट मंगलाष्टकांना बंद, मिक्सरमधून लाइन द्यायची, कॅमेऱ्यासाठी स्टेजसमोर थोडी जागा मोकळी. तिघांना एकमेकांचे नंबर द्या. रात्री १० ला स्पीकर बंद करावा लागतो, त्यामुळे संगीतात आजी-आजोबांचा डान्स शेवटी ठेवू नका, नेमका तोच राहून जातो.

घरातला एक माणूस, शक्यतो चुलतभाऊ किंवा मावसबहीण, जिला सगळे नातेवाईक ओळखू येतात, तिला शूटिंगवाल्यासोबत द्या. हे नाशिकरोडचे आजोबा, हे नवरीचे मोठे मामा, यांचं घ्या. शूटिंगवाल्याला काय माहीत कोण मानाचं आहे, तो डिझायनर ड्रेस बघून फोटो काढणार आणि साध्या लुगड्यातली पणजी कोपऱ्यातच राहणार. यादी कागदावर द्या, वीस नावं पुष्कळ झाली, जास्त दिली तर एकही होत नाही.

आणि टीमला वेळेवर जेवायला घाला. पहिल्या पंगतीला नाही बसवलं तरी चालेल, पण सकाळी सहापासून उभी असलेली मुलं चार वाजता उपाशी असतील तर पाठवणीला त्यांच्याकडून काय अपेक्षा करणार.

फिल्म हातात आल्यावर

आधी टीव्हीला लावून बघा. पेनड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट असेल तर त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही, एक्सफॅटमध्ये असेल तर काही जुन्या टीव्हीला तो दिसत नाही, तर घरच्या टीव्हीवर चालेल अशी एक वेगळी फाइल मागून घ्या. सगळे विधी आहेत का, पत्रिकेवरची नावं टायटलला बरोबर लिहिलीत का (आडनावाची वेलांटी हमखास चुकते), कुठे आवाज जातो का, मिनिटं लिहून एकदाच सगळ्या दुरुस्त्या पाठवा, रोज एक-एक पाठवली की तो माणूस फोन उचलायचा बंद होतो.

फिल्म देतच नसेल, फोनच घेत नसेल तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करता येते, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, आणि मघाचं ते सही केलेलं पान आणि पैसे ऑनलाइन दिल्याची नोंद तिथे लागते, म्हणून ॲडव्हान्स रोख देऊ नका.

सगळं नीट मिळालं की दोन हार्डडिस्कवर कॉपी करा, एक सासरी एक माहेरी ठेवा, त्या दोन्ही एकदा उघडून बघा, आणि मग शूटिंगवाल्याला सांगा की दादा आता तुमच्याकडचा डेटा डिलीट केला तरी चालेल.